एका छपराखालचा अभ्यास

महाविद्यालयीन शिक्षणाच्या गुणवत्तेची चर्चा बहुधा प्राध्यापक, अभ्यासक्रम, ग्रंथालय आणि परीक्षा या चार अंगांभोवती फिरते. विद्यार्थी वर्गाबाहेरचे तास कोणाच्या सोबतीने घालवतो, कोणाबरोबर जेवतो, रात्री अडलेली शंका कोणाला विचारतो आणि विषय राहिला तर ते प्रथम कोणाला सांगतो, या प्रश्नांना त्या चर्चेत फारशी जागा मिळत नाही. घर सोडून शहरात शिकायला आलेल्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र हे प्रश्न अभ्यासक्रमाइतकेच निर्णायक ठरतात, कारण वडीलधाऱ्यांचा धाक, वेळेवर वाढलेले ताट आणि शेजारच्या दादाने किंवा ताईने समजावून दिलेले गणित हे सारे गावी राहिलेले असते आणि त्याची जागा घेणारी व्यवस्था महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत छापलेली नसते. ती विद्यार्थ्यांनी स्वतः उभारावी लागते किंवा समाजाने त्यांच्यासाठी उभारून द्यावी लागते. अमेरिकेत या गरजेतून ‘फ्रॅटर्निटी’ नावाची विद्यार्थी-संघटना रुजली, तर महाराष्ट्रात त्याच गरजेने वसतिगृहांची एक समृद्ध परंपरा निर्माण केली. दोन्हींचा इतिहास शेजारी ठेवून वाचला की एक गोष्ट ठळकपणे दिसते: एकत्र राहण्याने आपोआप कोणी हुशार होत नाही, परस्परांच्या अभ्यासाची जबाबदारी जेथे रोजच्या रीतीचा भाग होते, तेथेच सहवासाचे रूपांतर गुणवत्तेत होते.

लकडगंज आणि शिकायला येणारी मुले

हा प्रश्न प्रत्यक्षात कसा दिसतो हे पाहण्यासाठी नागपूरचे उदाहरण घेऊ. पूर्व नागपुरातील लकडगंज हा भाग लाकडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. आरामशिनी, इमारती लाकडाच्या वखारी आणि त्या व्यवसायात पिढ्यान् पिढ्या स्थिरावलेली कच्छी पाटीदार कुटुंबे ही या भागाची ओळख असून, इतवारीची जुनी घाऊक पेठ आणि वर्धमाननगरची वस्ती त्याला लागूनच आहेत. नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी एकाला लकडगंजचेच नाव आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडून रेल्वेने येणाऱ्यांना इतवारी स्थानक जवळ पडते. सेंट्रल अॅव्हेन्यूवरून जाणाऱ्या मेट्रोची टेलिफोन एक्स्चेंज आणि आंबेडकर चौक ही स्थानके या भागाला शहराच्या पश्चिम टोकाशी जोडतात. डिसेंबर २०२२मध्ये ही मार्गिका प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत पूर्ण सुरू झाल्यामुळे, पूर्व नागपुरात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला शंकरनगर, एलएडी चौक किंवा हिंगणा मार्गावरच्या महाविद्यालयांपर्यंत एकाच गाडीने जाता येऊ लागले. वर्धमाननगरातील व्हीएमव्ही महाविद्यालय आणि नंदनवनातील केडीके अभियांत्रिकी महाविद्यालय तर याच अंगाला आहेत.

नागपूर हे शिक्षणासाठी येण्याचे शहर फार पूर्वीपासून आहे. हिस्लॉप महाविद्यालय १८८३मध्ये आणि मॉरिस महाविद्यालय १८८५मध्ये सुरू झाले, ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली, आणि दानशूर उद्योजक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या देणगीतून १९४२मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. एकेकाळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी असलेल्या या शहरात दूरदूरच्या खेड्यांतून मुले येत राहिली आणि त्यांच्या राहण्याचा प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने उभा राहिला. महाविद्यालयाच्या वसतिगृहात ज्यांना जागा मिळत नाही ती मुले दोघे-तिघे मिळून खोली भाड्याने घेतात, मेस किंवा डबा लावतात आणि अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची मिळवतात. अशा खोलीत राहणाऱ्या तिघांचे एकमेकांशी असलेले नाते केवळ भाडे वाटून घेण्यापुरते राहते, की त्यातून एक छोटी विद्यार्थी-बिरादरी तयार होते, यावर त्यांच्या शिक्षणाचे पुष्कळ काही अवलंबून असते.

फ्रॅटर्निटी म्हणजे काय

अमेरिकी विद्यापीठांतील फ्रॅटर्निटी ही मुख्यतः मुलांची आणि सोरॉरिटी ही मुलींची सदस्यसंघटना असते. तिची नावे बहुधा ग्रीक मुळाक्षरांवरून ठेवलेली असतात, निरनिराळ्या विद्यापीठांत तिच्या शाखा असतात, अनेक शाखांचे स्वतःचे निवासगृह असते आणि नव्या विद्यार्थ्याला काही काळ उमेदवारी केल्यावर विधिपूर्वक सदस्य करून घेतले जाते. या परंपरेचा आरंभ अभ्यासातूनच झाला, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ५ डिसेंबर १७७६ रोजी काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ ही संस्था स्थापन केली ती वादविवाद, निबंधवाचन आणि मैत्री यांसाठी. पुढे या संस्थेने निवासी संघटनेचे रूप न घेता उत्कृष्ट विद्यार्थ्यांना सदस्यत्वाने गौरवणाऱ्या संस्थेचे रूप घेतले आणि १८७५पासून मुलींनाही प्रवेश दिला. निवास, भोजन, सण-समारंभ आणि आयुष्यभराची ओळख जपणाऱ्या सामाजिक फ्रॅटर्निटी तिच्यानंतर स्वतंत्रपणे वाढत गेल्या.

या सामाजिक संघटनांतही अभ्यासाची एक रचना असते. सदस्य होण्यासाठी आणि सदस्य म्हणून टिकण्यासाठी किमान सरासरी गुणांक ठरवलेला असतो, शाखेतील एका पदाधिकाऱ्याकडे केवळ सदस्यांच्या अभ्यासाची जबाबदारी सोपवलेली असते, नव्या सदस्यांसाठी आठवड्यातले अभ्यासाचे तास बांधून दिलेले असतात, आणि प्रत्येक नवागताला एक ज्येष्ठ सदस्य ‘थोरला भाऊ’ म्हणून नेमून दिला जातो, जो विषय निवडण्यापासून प्राध्यापकांना भेटण्यापर्यंत त्याला वाट दाखवतो. अनेक विद्यापीठे दर सत्राला प्रत्येक शाखेची सरासरी जाहीर करतात आणि ती सर्व विद्यार्थ्यांच्या सरासरीशेजारी ठेवतात, त्यामुळे एका सदस्याचे गुण ही त्याची खासगी बाब न राहता साऱ्या घराच्या प्रतिष्ठेची बाब होते.

या परंपरेतील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण कदाचित ‘अल्फा फाय अल्फा’चे असेल. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात १९०५च्या सुमारास मोजकेच कृष्णवर्णीय विद्यार्थी होते आणि त्यांपैकी काही जण पुढच्या वर्षी परतलेच नव्हते. वंशभेदामुळे गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनांची दारे बंद असताना, उरलेल्यांनी आपल्यातील कोणी मागे पडू नये म्हणून प्रथम एक अभ्यासमंडळ सुरू केले आणि ४ डिसेंबर १९०६ रोजी सात विद्यार्थ्यांनी त्याला फ्रॅटर्निटीचे रूप दिले. मार्टिन ल्यूथर किंग हे पुढे तिचे सदस्य झाले. वगळल्या गेलेल्यांनी परस्परांना तगवण्यासाठी बांधलेली ही संघटना होती, आणि याच कारणामुळे ती महाराष्ट्रातील वसतिगृहांच्या चळवळीला मनाने फार जवळची वाटते. तिच्या स्थापनेनंतर अवघ्या काही वर्षांनी, १९१३मध्ये, बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. हार्टली हॉलमध्ये थोडे दिवस काढल्यावर ते भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि पुढे नवल भथेना या मित्रासोबत लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. मायदेशी ज्यांना शाळेत वेगळे बसावे लागले होते, त्यांना तेथे बरोबरीच्या नात्याने एका खोलीत राहण्याचा आणि वाचण्याचा अनुभव मिळाला, आणि भथेनांशी जुळलेला स्नेह पुढेही टिकला.

महाराष्ट्राची वसतिगृहे

महाराष्ट्रात गरीब विद्यार्थ्याची जुनी सोय म्हणजे माधुकरी मागणे किंवा वार लावून जेवणे. आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचे आणि मिळेल त्या ओसरीवर अभ्यास करायचा. या रीतीने अनेक विद्वान घडवले हे खरे असले, तरी ती जातीच्या चौकटीत चालत असे, म्हणून ज्यांना कोणाच्या ओसरीवर पाय ठेवण्याची मुभा नव्हती त्यांना तिचा उपयोग नव्हता. ही कोंडी फोडण्याचे मोठे काम कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी केले. एप्रिल १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून त्यांनी जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, ख्रिस्ती अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि साहाय्य दिले, आणि १९०८मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी पुढे यावे, आरंभी निदान शिक्षणाची सवय लागावी, असा त्यामागचा व्यवहार्य विचार होता. मात्र जातवार वसतिगृह हा प्रवासाचा पहिला टप्पा होता, मुक्काम नव्हे.

पुढचा टप्पा कर्मवीर भाऊराव पाटील यांनी गाठला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकलेल्या भाऊरावांनी १९१९मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह सुरू केले, जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रासह आपले दागिने विकले, ही हकिकत महाराष्ट्राला परिचित आहे. या वसतिगृहातील मुले शेतात, बांधकामावर आणि स्वयंपाकघरात राबून शिकत. पुढे ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्याच जीवनक्रमातून महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. श्रमाचा वाटा सर्वांनी सारखा उचलल्याने कोणी आश्रित राहिला नाही आणि कोणी उपकारकर्ता झाला नाही. सदस्यत्वाचा खरा अर्थ तेथे मुलांना कामातून कळला.

विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभारून निरनिराळ्या जातींच्या शेतकरी मुलांना एका छताखाली आणले. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले, आणि तेथील विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. जेवणाची आणि निजण्याची सोय एवढ्यावर समाधान न मानता वाचन, लेखन आणि चर्चा हाच वसतिगृहाचा प्राण आहे, ही जाणीव त्या मुलांना किती लवकर झाली होती, हे या मासिकावरून समजते.

मुलींचा प्रश्न अधिक बिकट होता आणि त्या संदर्भात नागपूरचे स्थान महत्त्वाचे आहे. जाईबाई चौधरी यांनी नागपुरात संत चोखामेळ्यांच्या नावाने मुलींची शाळा चालवली. जुलै १९४२मध्ये नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेने, जिच्या अध्यक्षपदी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, मुलींच्या शिक्षणासाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढण्याची मागणी केली. ज्या काळात मुलीने शिकावे की नाही यावरच वाद होता, त्या काळात गिरणी-कामगारांच्या आणि मजुरांच्या वस्तीतून आलेल्या स्त्रियांनी हे ओळखले होते की शाळेचे दार उघडले तरी रात्री सुरक्षितपणे झोपण्याची आणि दिवा लावून वाचण्याची जागा नसेल, तर मुलगी त्या दारापर्यंत पोहोचणारच नाही. १९५५मध्ये डॉ. अच्युत शंकर आपटे यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने हीच परंपरा स्वातंत्र्योत्तर काळात पुढे नेली. ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना अल्प खर्चात राहण्याची सोय देताना त्यांनी आवारातील कामे स्वतः करावीत आणि पुढे मिळवते झाल्यावर नव्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहावे, हा संस्कार तिने जपला.

सहवासाने अभ्यास सुधारतो का?

सोबतीचा अभ्यासावर परिणाम होतो, असे अनुभवी माणसे नेहमी सांगतात. पण हुशार मुले हुशारांचीच सोबत निवडत असतील, तर सोबतीमुळे हुशारी आली असे म्हणता येत नाही. ही अडचण दूर करणारा एक अभ्यास अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केला आणि तो २००१मध्ये प्रसिद्ध झाला. त्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोलीतील जोडीदार मुख्यतः चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नेमून दिले जात, म्हणजे निवडीला वाव नव्हता. तरीही जोडीदाराचा प्रभाव विद्यार्थ्याच्या गुणांवर दिसला आणि फ्रॅटर्निटीसारख्या गटात सामील व्हायचे की नाही या निर्णयावर तो अधिक स्पष्टपणे दिसला. माणूस कोणाबरोबर राहतो याला महत्त्व आहे, एवढे यातून सिद्ध होते. मात्र ते महत्त्व दोन्ही दिशांनी काम करते, कारण जोडीदार अभ्यासाकडे ओढू शकतो तसा अभ्यासापासूनही ओढू शकतो.

सहवास कशामुळे फलदायी होतो, याचे अधिक खोल उत्तर गणिताचे अध्यापक उरी ट्राइझमन यांच्या कामात मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत, १९७०च्या दशकात, शाळेत चांगले गुण मिळवून आलेले अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात, म्हणजे बदलाच्या वेगाचे आणि संचयाचे गणित शिकवणाऱ्या विषयात, नापास होत होते. गरिबी, कच्ची तयारी, घरच्यांची अनास्था अशी कारणे अध्यापक देत असत. ट्राइझमन यांनी प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसोबत राहून पाहिले तेव्हा ती कारणे टिकली नाहीत. त्यांना दिसले ते असे की चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकट्याने गणिते सोडवत आणि मग संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत, जुन्या प्रश्नपत्रिका काढून एकमेकांची परीक्षा घेत, कोठे चुकले ते उघडपणे बोलत. कृष्णवर्णीय विद्यार्थी मात्र मेहनती असूनही एकटेच अभ्यास करत आणि मैत्री अभ्यासापासून काळजीपूर्वक वेगळी ठेवत. यावर त्यांनी जी कार्यशाळा सुरू केली ती ‘कच्च्या’ मुलांची शिकवणी नव्हती. तिच्यात नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली जात आणि ती छोट्या गटांत चर्चा करून सोडवायची असत. या कार्यशाळेत आलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले आणि ही पद्धत पुढे इतर अनेक विद्यापीठांनी स्वीकारली.

एकमेकांना प्रश्न विचारण्याचे महत्त्व स्मरणशक्तीच्या अभ्यासातूनही पुढे आले आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात कितीतरी अधिक राहिले होते. वसतिगृहाच्या गॅलरीत व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री एकाने प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्याने पुस्तक मिटून उत्तरे द्यायची, ही जुनी रीत म्हणूनच शास्त्राच्या कसोटीवरही उतरते. ती केवळ आदल्या रात्रीपुरती न ठेवता वर्षभर चालवली, तर तिचे फळ अधिक मोठे असते.

बिरादरी बिघडते तेव्हा

ज्या घट्ट नात्यातून गट बळ मिळवतो, त्याच नात्याचा दुरुपयोगही होतो. अमेरिकी फ्रॅटर्निटींना लागलेला सर्वांत मोठा कलंक म्हणजे ‘हेझिंग’: सदस्यत्वाची परीक्षा म्हणून नवागतावर अपमान, मारहाण किंवा मद्यपान लादण्याची प्रथा, जिच्यात अनेक तरुणांचे प्राण गेले आणि जिच्याविरुद्ध डिसेंबर २०२४मध्ये तेथे देशव्यापी कायदा झाला. भारतातील रॅगिंग हे याचेच रूप आहे. महाराष्ट्राने १९९९मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला असून त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षे अन्य संस्थेत प्रवेश न देण्याची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९मध्ये देशभरासाठी नियम लागू केले. सीनियर विद्यार्थ्याला मिळणारा मान त्याने ज्युनियरला शिकवलेल्या धड्यांतून यायला हवा; जेथे तो मान भीतीतून वसूल केला जातो, तेथे ज्युनियर शंका विचारायला धजत नाही, आणि शंका विचारता येत नसेल तर त्या सहवासाचा अभ्यासाच्या दृष्टीने काहीही उपयोग उरत नाही.

दुसरा दोष अधिक शांतपणे काम करतो. एका जातीचा, एका गावाचा किंवा एका भाषेचा गट स्वाभाविकपणे जमतो, आपलेपणाचा आधार देतो आणि तेथेच बंद होतो. नागपूरसारख्या शहरात समाजवार भवने आणि त्यांचे विश्वस्त निधी यांनी शिक्षणाला दिलेली मदत मोलाची आहे. लकडगंजातही कच्छी विसा ओसवाल भवन आणि पाटीदार भवन ही समाजजीवनाची ठळक केंद्रे आहेत. परंतु शाहू महाराजांच्या वेळी जी व्यवस्था नाइलाजाचा पहिला टप्पा होती, ती शंभर वर्षांनंतर शेवटची ठरता कामा नये. महाविद्यालयात शेजारी बसणारी आणि पुढे एकाच कार्यालयात काम करणारी मुले संध्याकाळी मात्र आपापल्या समाजाच्या वर्तुळात परतत असतील, तर शिक्षणाने द्यायची अर्धी शिकवण त्यांना मिळालेली नसते.

तिसरा दोष गुणवत्तेच्या कल्पनेतच दडलेला आहे. निकाल लागले की गुणवंतांचा सत्कार करण्याची महाराष्ट्रात गावोगावी आणि समाजासमाजांत सुंदर परंपरा आहे; शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह घेताना त्या मुलाच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरचे समाधान खरे असते. मात्र सत्कार ज्याचा होतो त्याला आधाराची गरज बहुधा सर्वांत कमी असते. ज्याचे दोन विषय राहिले आहेत आणि जो एटीकेटीवर, म्हणजे मागचे विषय राहूनही पुढच्या वर्गात बसण्याच्या सवलतीवर, वर्ष काढतो आहे, तो त्या समारंभाला येतही नाही. फ्रॅटर्निटीच्या शाखेची सरासरी जाहीर करण्याच्या पद्धतीतून घेण्याजोगा धडा हा आहे की गटाची गुणवत्ता त्याच्या सर्वांत मागे असलेल्या सदस्याला वगळून मोजता येत नाही.

लकडगंजात काय करता येईल

शासनाने या क्षेत्रात पुष्कळ पावले उचलली आहेत. सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत, आणि ज्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना तेथे जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. ती आखताना नागपूरसह राज्यातील मोठ्या शहरांसाठी वर्षाला भोजनापोटी ३२,००० रुपये, निवासापोटी २०,००० रुपये आणि निर्वाहापोटी ८,००० रुपये असे एकूण ६०,००० रुपये ठरवण्यात आले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची, तर अन्य घटकांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाहभत्ता योजना आहे. या योजना अत्यंत आवश्यक आहेत, पण त्यांतून पैसे मिळतात, सोबत मिळत नाही. वसतिगृहाऐवजी भत्ता घेऊन वेगवेगळ्या गल्ल्यांत राहणाऱ्या मुलांना सीनियरांचा सहवास, सामायिक वाचनाची खोली आणि एकत्र जेवणाची पंगत गमवावी लागते, आणि ही उणीव भरून काढणे हे स्थानिक समाजाचे काम ठरते.

त्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. आठवड्यातील अनेक संध्याकाळी रिकामी राहणारी समाजभवने, महानगरपालिकेची वाचनालये आणि खासगी अभ्यासिका या जागा लकडगंज आणि आसपासच्या भागात आहेत. त्यांपैकी एखाद्या ठिकाणी एकाच शाखेत शिकणारे पाच-सहा विद्यार्थी आठवड्यातून तीन ठरलेल्या दिवशी जमले, प्रत्येकाने आधी एकट्याने गणिते सोडवून आणली आणि मग ती सर्वांसमोर तपासली, तर ट्राइझमन यांच्या कार्यशाळेचे मर्म तेथे उतरते. अभ्यासिकेतील शांततेला स्वतःचे मोल आहे, परंतु तेथे शेजारी बसून वर्षभर वाचणाऱ्या दोघांना एकमेकांचे विषयही माहीत नसतात. म्हणून शांततेच्या खोलीला लागून बोलण्याची एक खोली असणे अगत्याचे आहे. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या दोघांची जबाबदारी घ्यावी, सबमिशनच्या तारखा, शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्याने त्यांच्यापर्यंत पोहोचवाव्यात, आणि ते तिसऱ्या वर्षात गेल्यावर त्यांनी हेच पुढच्यांसाठी करावे, एवढी साखळी टिकली तरी बाहेरगावाहून आलेल्या मुलाचे पहिले वर्ष वाया जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

व्यापारी वस्तीजवळ राहण्याचा एक वेगळा लाभही विद्यार्थ्यांना घेता येण्यासारखा आहे. लाकडाचा हिशेब, मालाची आवक, उधारीची वसुली आणि जीएसटीची कागदपत्रे हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पुस्तकात शिकावे लागणारे विषय येथे रोज प्रत्यक्षात चालतात, तर यंत्रअभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आरामशिनीचे पाते, मोटार आणि पट्टे यांतून पुस्तकातील सिद्धान्त हाताशी दिसतात. पेठेतील व्यावसायिकांनी काही विद्यार्थ्यांना अर्धवेळ, सुरक्षित आणि नीट मोबदल्याचे काम दिले, तर ‘कमवा आणि शिका’ हा विचार साताऱ्याच्या शेतापासून नागपूरच्या पेठेपर्यंत सहज येऊ शकतो. मुलींसाठी मात्र संध्याकाळी ये-जा करण्याची सुरक्षितता, मुलींची स्वतंत्र अभ्यासिका आणि विश्वासाची मेस या गोष्टींची हमी प्रथम द्यावी लागेल. १९४२मध्ये याच शहरात दलित महिला परिषदेने केलेली मागणी अजून पुरती पूर्ण झालेली नाही.

विद्यार्थी-बिरादरीची कसोटी अखेर तीन साध्या प्रश्नांत मावते. गटातील सर्वांत मागे असलेला सदस्य वर्षअखेरीस पुढे सरकला का, नव्याने आलेल्याला न घाबरता शंका विचारता येते का, आणि वेगळ्या जातीच्या, वेगळ्या गावाच्या किंवा वेगळ्या भाषेच्या विद्यार्थ्यासाठी त्या गटात जागा आहे का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर गटाला ग्रीक अक्षरांचे नाव असो, वसतिगृहाची पाटी असो किंवा नुसता भाड्याच्या खोलीचा पत्ता असो, तो आपले काम करतो आहे. कॉर्नेलचे सात विद्यार्थी आणि साताऱ्याच्या बोर्डिंगमधील मुले यांच्याजवळ साधने फार थोडी होती, पण आपला सोबती मागे राहिला तर तो आपला पराभव आहे, ही भावना त्यांच्याजवळ होती. ती भावना शिकवता येते, तिची सवय लावता येते आणि एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे सोपवता येते. नागपुरातील महाविद्यालयांनी, समाजसंस्थांनी आणि स्वतः विद्यार्थ्यांनी हे काम येत्या सत्रापासूनच हाती घ्यावे, कारण शिकायला आलेल्या मुलाचे पहिले वर्ष कोणाची वाट पाहत थांबत नाही.